तालुक्याला नाव देऊन पाण्याखाली गेलेले गाव : आंबेगाव आणि घोड नदीचे खोरे

जुन्नर तालुक्याचे मुख्य ठिकाण जुन्नर, शिरूरचे शिरूर, भोरचे भोर. तालुक्याचे नाव आणि त्याच्या कचेरीचे गाव एकच असावे, ही साधी अपेक्षा असते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील आंबेगाव तालुका या अपेक्षेत बसत नाही. त्याची कचेरी घोडेगावात आहे, मोठी बाजारपेठ मंचरला आहे आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडालेले आहे. सव्वादोन लाखांहून अधिक लोकसंख्येचा तालुका एका अशा गावाचे नाव मिरवतो, ज्याच्या मूळ गावठाणात आज कोणीही राहत नाही.

आजच्या तरुण वाचकाने भ्रमणध्वनीवर ‘आंबेगाव’ शोधले तर बहुधा कात्रजजवळची आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही उपनगरे प्रथम समोर येतात. ती हवेली तालुक्यातील, पूर्णपणे वेगळी गावे. आपल्या कथेतील आंबेगाव त्यांच्यापासून बरेच उत्तरेला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पायथ्याशी, घोड नदीच्या काठी होते.

हे खोरे कसे आहे, ते आधी पाहू. कारण आंबेगावाचा इतिहास त्याच्या भूगोलातूनच उलगडतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर आहुपे नावाचे गाव आहे. गावाच्या पश्चिमेला जमीन एकदम संपते आणि शेकडो मीटर खोल कडा थेट कोकणात, मुरबाडच्या बाजूला उतरतो. पूर्वेला मात्र उतार सौम्य आहे. याच परिसरात घोड नदीचा उगम होतो. कड्यापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेले पाणी अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते आणि शेवटी ते बंगालच्या उपसागरात जाते. जुन्नर-आंबेगावच्या सर्वच नद्यांची हीच चाल आहे. उत्तरेला कुकडी, तिच्या दक्षिणेला मीना, मग घोड, त्यापलीकडे भीमा आणि भामा. या नद्यांनी बेसॉल्टच्या थरांमध्ये पश्चिम-पूर्व अशा समांतर दऱ्या कोरल्या आहेत. जुन्या काळी या दऱ्यांना ‘नेर’ म्हणत : कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर. पुण्याच्या दक्षिणेकडील दऱ्यांना जसे ‘मावळ’ हे नाव रूढ झाले, तसे इकडे ‘नेर’. शिवनेरीच्या नावातील ‘नेर’ ऐकताना हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवला तर नाव अधिक बोलके होते.

घोडनेराचे दोन भाग सहज दिसतात. वरचा भाग अरुंद. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या सोंडा, त्यांच्या उतारावर वाड्या, तळाशी भाताची खाचरे. घोडेगावच्या पुढे दरी रुंदावते, काळी जमीन सुरू होते आणि मंचरपर्यंत पोहोचता पोहोचता पूर्ण देशावरचा मुलूख लागतो. दोन्ही भागांतील पावसाचा फरक विलक्षण आहे. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मंचरच्या बाजूला तो सहाशे-सातशे मिलिमीटरवर येतो. सरळ रेषेत हे अंतर पन्नास किलोमीटरही भरत नाही. एका टोकाला भात, नाचणी आणि वरई. दुसऱ्या टोकाला बाजरी, कांदा आणि आता ऊस. मधल्या सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर बटाटा पिकतो. एका तालुक्यात इतकी भिन्न शेती क्वचितच पाहायला मिळते.

जुने आंबेगाव या दोन जगांच्या सांध्यावर वसलेले होते. वरच्या दरीतल्या वाड्यांमधून उतरणाऱ्या माणसांना पहिली बाजारपेठ लागे ती आंबेगावची. आहुपे घाटाच्या पायवाटेने कोकणाशी संबंध होता. तो घाट नाणेघाटासारखा राजमार्ग कधीच नव्हता. नाणेघाटात सातवाहनांचे लेख कोरले गेले, जकातीचा दगडी रांजण मानला जाणारा रांजण आजही तेथे आहे, जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली. घोडनेराच्या वाट्याला असे राजवैभव आले नाही. हा पाठीवरच्या ओझ्याचा आणि पायी चालणाऱ्यांचा मार्ग. वरून तांदूळ, हिरडा, मध आणि इतर रानमाल उतरायचा. खालून कापड, मीठ, लोखंडी अवजारे वर जायची. अशा व्यवहारावर उभे राहिलेले गाव फार मोठे होत नाही, पण त्याच्यावाचून आसपासच्या पंचवीस वाड्यांचे पानही हलत नाही.

या गावाचे महत्त्व किती होते, याचा पुरावा आजही गावांच्या नावांत जिवंत आहे. आंबेगाव तालुक्यात ‘म्हाळुंगे तर्फे आंबेगाव’ आणि ‘म्हाळुंगे तर्फे घोडा’ अशी नावे सापडतात. ‘पिंपळगाव तर्फे घोडा’ आहे, ‘पारगाव तर्फे खेड’ आहे. तर्फ म्हणजे काही गावांचा समूह. मराठेशाहीच्या महसुली रचनेत परगण्याखालचा हा एक घटक. एकाच नावाची दोन गावे असली की कोणते गाव हे सांगण्यासाठी तर्फेचे नाव जोडले जाई. परगणे गेले, तर्फा गेल्या, पण सातबाऱ्यावर, शाळेच्या पाटीवर आणि एस.टी.च्या फलकावर ती नावे टिकून राहिली. ‘तर्फे आंबेगाव’ याचा अर्थ इतकाच की एके काळी शेजारच्या गावांची ओळख सांगायची तर ती आंबेगावावरून सांगितली जात होती.

इंग्रजी अमलात आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेठा, म्हणजे पोटविभाग झाला. पेठ्याला नाव आंबेगावचे मिळाले, महालकऱ्याची कचेरी मात्र घोडे येथे, म्हणजे आजच्या घोडेगावात होती. तेव्हा नाव एका गावाचे आणि कचेरी दुसऱ्या गावात, ही विसंगती धरणाने निर्माण केलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. कचेरी आणि खजिना सांभाळणाऱ्याला मोकळ्या मुलुखातले, रस्त्याने जोडलेले घोडे सोयीचे वाटले असणार, असा अंदाज बांधता येतो.

ती सोयही फारशी सुरक्षित नव्हती. या डोंगरांत मुख्य वस्ती महादेव कोळी समाजाची. त्यांच्या जोडीने ठाकर आणि कातकरी. येथे ‘कोळी’ हा शब्द ऐकून समुद्रकिनारा आणि होड्या आठवू नयेत. महादेव कोळी हे डोंगरातले शेतकरी. बहमनी काळापासून त्यांच्या नाईकांकडे घाटवाटांची आणि किल्ल्यांच्या परिसराची राखण होती. मोगल अमलात जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध त्यांनी बंड केले, ते क्रूरपणे मोडले गेले आणि पकडलेल्यांची मुंडकी जुन्नरात कापून त्यांवर चौथरा बांधला गेला, अशी परंपरा आहे. ‘काळा चबुतरा’ हे नाव जुन्नरच्या इतिहासप्रेमींना नवे नाही. इंग्रज अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांविषयी दीर्घ टिपण लिहिले, त्यात ही हकीकत नोंदलेली आहे. घटना आणि टिपण यांच्यात जवळजवळ दोन शतकांचे अंतर आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. पण समाजाच्या स्मरणात ती इतका काळ ताजी राहिली, ही गोष्टही इतिहासाचाच भाग आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. किल्ल्यांवरील शिबंदी मोडण्यात आली, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या राखणीच्या नेमणुका बंद झाल्या किंवा घटल्या. ज्यांचे पोट डोंगराच्या पहाऱ्यावर होते, त्यांच्या हातून तो पहाराच काढून घेतला गेला. त्याची परिणती एकामागून एक उठावांत झाली. १८३९ मध्ये भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे यांच्या पुढारपणाखाली पुण्याच्या घाटमाथ्यावर उठाव झाला. त्यांनी पेशव्याच्या नावाने कारभार हाती घेतल्याचे जाहीर केले आणि सुमारे दीडशे जणांच्या तुकडीने घोड्याच्या महाल कचेरीवर हल्ला चढवला. हल्ला फसला आणि पुढे धरपकड झाली. या उठावाची बारीक गोष्ट अशी की पुढारी ब्राह्मण होते आणि बळ कोळ्यांचे होते. पुढच्या काही वर्षांत राघोजी भांगरे याने चालवलेला लढा मात्र त्याच समाजातून उभा राहिला. १८४८ च्या आरंभी पंढरपुरात तो पकडला गेला आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

त्यानंतर बंदुकीची जागा कागदाने घेतली. १८७८ चा वन कायदा आला, राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. वरच्या घोडनेरात शेतीची रीत अशी की भाताचे रोप तयार करण्याआधी वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचे. यालाच राब म्हणतात. त्यासाठी झाडांचा टाहळा लागतो. उतारावर नाचणी-वरई काही वर्षे घ्यायची, मग जमीन विश्रांतीला सोडायची. ही पडीक दिसणारी जमीन सरकारी दृष्टीने मोकळी होती आणि गावाच्या दृष्टीने ती पुढच्या फेऱ्याची शेती होती. ताबा आहे पण नोंद नाही, ही या भागाची दुखरी नस तेव्हापासूनची. धरणाच्या वेळी तिची खरी किंमत मोजावी लागली.

जंगल मात्र सगळेच सरकारने राखले असे नाही. आहुप्याची देवराई प्रसिद्ध आहे. देवाच्या नावाने सोडलेल्या या राईत कुऱ्हाड चालत नाही, हा गावाचा कायदा वन कायद्याहून जुना. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे सहज नजरेस पडतो. अभयारण्य झाले तेव्हा त्याच्या सीमेत माणसेही होती; त्यांच्या जाण्यायेण्यावर, गुरे चारण्यावर आणि रानमाल गोळा करण्यावर नवी बंधने आली. म्हणजे १९८० च्या दशकात वरच्या घोडनेरातील कुटुंबे दोन बाजूंनी आक्रसत होती : वरून अभयारण्य आणि खालून धरण.

आता धरणाकडे वळू.

कृष्णा खोऱ्यातील पाण्याच्या वाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला, १९७६ मध्ये तो अंतिम झाला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आले. वाटा मिळाला, पण पाणी अडवून वापरल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. शिवाय १९७२ चा दुष्काळ ताजा होता. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा हा सारा पट्टा पर्जन्यछायेतला. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी तेथवर नेण्याची योजना म्हणजे कुकडी प्रकल्प. त्यात पाच धरणे : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पहिली चार जुन्नर तालुक्यात, पाचवे आंबेगावात. पाचांमध्ये मोठे डिंभेच : उंची सुमारे ६७ मीटर, लांबी साडेआठशे मीटरच्या आसपास, उपयुक्त साठा साडेबारा टीएमसी. डिंभ्याचा डावा कालवा येडगावला पाणी पोहोचवतो आणि तेथून निघणारा कुकडी डावा कालवा सुमारे अडीचशे किलोमीटर धावत सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जातो. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतील सात तालुक्यांची मिळून सुमारे दीड लाख हेक्टर जमीन भिजवणे, हे या प्रकल्पाचे उद्दिष्ट.

आकडे प्रभावी आहेत आणि त्यांमागची गरज खोटी नव्हती. पारनेर-कर्जतच्या माणसाला पाण्याचा एक हंडा काय मोलाचा असतो, हे वेगळे सांगायला नको. धरणासाठी डिंभ्याची जागा निवडण्यामागेही सरळ भूशास्त्र होते. वरच्या दरीला पावसाचे पाणी भरपूर, दरी डिंभ्यापाशी आवळलेली, तळाशी कठीण बेसॉल्ट. अभियंत्याला याहून चांगली जागा मिळणे कठीण. पण दरी जेथे आवळते त्याच्या वरच्या बाजूलाच ती थोडी पसरट असते. खाचरांसाठी लागणारी सपाट, गाळाची, पाण्याजवळची जमीन तेथेच असते. धरणाला जे सोयीचे, तेच शेतीला आणि बाजारपेठेलाही सोयीचे होते. म्हणून बुडाले ते दरीतले सर्वांत चांगले. वीसहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांतील कित्येक गावठाणे पूर्णपणे बुडाली. आंबेगाव त्यांतलेच एक. धरणाचे काम अनेक वर्षे रेंगाळत २००० च्या सुमारास पूर्ण झाले.

जलाशयाला नाव दिले गेले हुतात्मा बाबू गेनू यांचे. बाबू गेनू सैद हे याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे, मुंबईतले गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाने भरलेली मालमोटार अडवताना ते तिच्याखाली चिरडले गेले. पोटासाठी डोंगरातून मुंबईला गेलेल्या तरुणाचे नाव अशा पाण्याला मिळाले, ज्याने आणखी कित्येकांना तोच रस्ता धरायला लावला.

पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात होता. किंबहुना या बाबतीत महाराष्ट्र पुढे होता. १९७६ मध्येच राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि लाभक्षेत्रात जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व मान्य केले. त्यामागे याच जिल्ह्याचा जुना अनुभव होता. १९२१ मध्ये मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले आणि तीन वर्षांनी तो मोडला. जगातील धरणविरोधी चळवळींच्या आरंभीच्या नोंदींत मुळशीचे नाव येते. मुळशी तालुक्याची कचेरीही मुळशीत नाही, पौडला आहे, हा योगायोग नोंद घेण्याजोगा.

कायदा असूनही घोडनेरात तो अपुरा पडला. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायची तर आधी जमीन नावावर हवी. ज्यांची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची पण नोंद नाही, ते कागदावर बुडालेच नाहीत. ज्यांना लाभक्षेत्रात जमीन देऊ केली गेली, त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न होता. भात आणि राब जाणणाऱ्या माणसाने हिरडा नाही, देवराई नाही, भावकी नाही, अशा कोरड्या, परक्या मुलखात जाऊन काय करायचे? बाजारपेठेतील दुकानदार घोडेगाव-मंचरकडे सरकू शकला, त्याचा व्यवसाय तेथे पुन्हा मांडता आला. वाडीतला शेतकरी बहुधा वर सरकला. पाण्याची रेषा जशी चढली, तशी घरे उताराच्या वरच्या बाजूला गेली. अनेक कुटुंबे जलाशयाच्या काठालाच राहिली.

तेथून पुढचा इतिहास वाचण्याजोगा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांची ‘शाश्वत’ ही संस्था या भागात आदिवासींबरोबर काम करू लागली. धरणाचे पाणी कायम एका पातळीवर नसते. हिवाळ्यापासून कालव्यांना पाणी सुटू लागले की जलाशय आटत जातो आणि काठची जमीन हळूहळू उघडी पडते. तिच्यावर ताजा गाळ असतो, ओल असते. या जमिनीवर घेतलेल्या पिकाला गाळपेर म्हणतात. हरभरा, गहू, भुईमूग असे पीक पावसाळ्यापूर्वी पदरात पडते. आपल्याच बुडालेल्या शेतात वर्षातले काही महिने पुन्हा पेरणी करण्याचा हा हक्क विस्थापितांना सहज मिळाला नाही. त्यासाठी अर्ज, मोर्चे आणि वाटाघाटी कराव्या लागल्या. गाळपेराची जमीन भाडेपट्ट्याने प्रकल्पग्रस्तांना मिळावी, हे तत्त्व सरकारी नियमांत होते. ते प्रत्यक्षात उतरवणे हीच लढाई होती.

मासेमारीचेही तसेच. जलाशयात मासे वाढू लागले, पण धरणातील मासेमारीचा ठेका सामान्यतः बाहेरच्या व्यापाऱ्याकडे जातो. डिंभ्याच्या काठी आदिवासींनी सहकारी संस्था उभारून हा हक्क मागितला आणि मिळवला. यातली गंमत लक्षात घेण्यासारखी. नावाने कोळी असलेल्या या शेतकऱ्यांना खोल पाण्यातली मासेमारी मुळीच येत नव्हती. जाळे विणणे, ते टाकणे, मोठ्या जलाशयात नाव वल्हवणे हे सारे त्यांना नव्याने शिकावे लागले. जातीच्या नावावरून व्यवसायाचे अनुमान काढणाऱ्यांनी घोडनेराचे हे उदाहरण जरूर जवळ ठेवावे.

तिसरी गोष्ट पडकईची. डोंगरउतारावर दगडी बांध घालून, माती भरून पायऱ्यापायऱ्यांची नवी खाचरे तयार करण्याच्या पारंपरिक सामूहिक श्रमाला येथे पडकई म्हणतात. आज सगळे मिळून एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. दरीतली खाचरे बुडाल्यावर भातासाठी सपाट जमीन उतारावरच तयार करणे भाग होते. हाताने केलेल्या पडकईत बांध लहान असतो, उताराच्या वळणाने जातो आणि जास्तीचे पाणी निघून जाण्यास वाट ठेवलेली असते. रोजगार हमीच्या कामांत पडकईला स्थान मिळावे, अशी मागणी पुढे आली आणि तिला यशही मिळाले. मात्र त्याच काळात डोंगरात यंत्रेही आली. यंत्राने दिवसाभरात जेवढी माती हलते तेवढी हलवायला माणसांना महिना लागतो. पण यंत्राला डोंगराचे वळण कळत नाही.

३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. आंबेगावच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला वसलेले हे छोटे गावठाण काही क्षणांत चिखलाखाली गेले. १५१ माणसे दगावली. बातमी बाहेर कळली ती एस.टी.च्या चालकामुळे, नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्याला गाव जागेवर दिसेना. आदल्या दिवसापासून मुसळधार पाऊस होता, उतार तीव्र होता, बेसॉल्टवर कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा जाड थर होता, हे सर्वमान्य आहे. त्यात यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचा वाटा किती, यावर मोठा वाद झाला. काहींनी पडकईलाच दोषी ठरवले. हाताने केलेली पडकई आणि यंत्राने केलेले सपाटीकरण एकाच मापाने मोजू नये, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. हे म्हणणे अधिक पटण्याजोगे आहे. शेकडो वर्षे चाललेल्या रीतीवर खापर फोडण्याआधी अलीकडे काय बदलले, हे विचारणे इतिहासाच्या शिस्तीला धरून आहे. नवे माळीण जवळच्या आमडे गावाच्या हद्दीत बांधले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये लोक तेथे राहायला गेले.

या साऱ्यात रोख पैसा देणारे पीक एकच राहिले, ते म्हणजे हिरडा. उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळा बाळहिरडा झोडायचा, वाळवायचा आणि विकायचा. औषधांसाठी त्याला मागणी असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरात बियाणे-किराणा येतो तो याच पैशातून. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या पश्चिम पट्ट्यातील हिरड्याची झाडे मोडून टाकली. शेतपिकाची नुकसानभरपाई ठरलेली असते. रानातल्या झाडाच्या फळाला पीक मानायचे की नाही, या प्रश्नावर भरपाई वर्षानुवर्षे अडली आणि त्यासाठी आंदोलने करावी लागली. १८७८ चा जुना प्रश्न वेगळ्या वेशात पुन्हा उभा राहिला : ताबा आहे, उपजीविका आहे, नोंद नाही.

बुडालेल्या गावांची कथा केवळ महाराष्ट्राची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टन शहराच्या पाण्यासाठी क्वाबिन नावाचा जलाशय बांधला गेला. त्यासाठी डेना, एन्फील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार छोटी शेतकरी गावे रिकामी करण्यात आली. २८ एप्रिल १९३८ रोजी कायद्यानेच त्या गावांचे अस्तित्व संपवले गेले; नकाशातून, दप्तरातून, कारभारातून त्यांची नावे निघाली. घोडनेरात उलटे झाले. गाव बुडाले आणि नाव राहिले. पंचायत समिती आंबेगाव, तहसीलदार आंबेगाव, विधानसभा मतदारसंघ आंबेगाव. मंचरच्या बागायतदाराला आणि सातगाव पठारावरील बटाटा उत्पादकाला आपला पत्ता लिहिताना रोज त्या गावाचे नाव लिहावे लागते, मग त्याने ते कधी पाहिलेले असो वा नसो.

पाण्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. डिंभ्याचे पाणी माणिकडोहकडे नेण्यासाठी बोगदा काढावा, म्हणजे कर्जत-श्रीगोंद्यापर्यंत ते पुरेशा प्रमाणात पोहोचेल, असा प्रस्ताव पुढे आला आणि आंबेगावातून त्याला कडाडून विरोध झाला. लाभक्षेत्रातील तालुके एकमेकांशी भांडत असताना जलाशयाच्या काठावरील वाड्यांत मात्र उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. पाणी दरीच्या तळाशी, गाव उतारावर, मध्ये चढण. एप्रिलनंतर पाणी इतके मागे जाते की हंडा घेऊन चालायचे अंतर दर आठवड्याला वाढते. यावर उपाय म्हणून जलाशयाच्या पोटातच बुडीत बंधारे बांधण्यात आले : पाणी भरलेले असताना ते दिसत नाहीत, पाणी ओसरले की त्यांच्या मागे थोडे पाणी अडून राहते.

ज्या वर्षी पाऊस कमी होतो किंवा आवर्तने जास्त सुटतात, त्या वर्षी मे महिन्यात जुन्या आंबेगावची जोती, भिंतींचे पाये आणि मंदिरांचे दगडी अवशेष उघडे पडतात. आसपासची माणसे ते पाहायला जातात. ज्यांचे बालपण तेथे गेले ते कोणते घर कोणाचे, हे पायांवरून सांगू शकतात. त्याच ओल्या गाळात काठच्या कुटुंबांचे शेवटचे गाळपेर उभे असते. जलाशयाची पातळी दरवर्षी वेगळी असते, म्हणून उघडी पडणारी जमीनही दरवर्षी वेगळी. त्यामुळे तिची वाटणी दर हंगामात नव्याने करावी लागते, आणि हद्द ठरवताना अजूनही जुन्या बांधांच्या खुणा शोधल्या जातात.